१०५ पौंडांची नोकरी

पदवी हातात पडली, शेजारीपाजारी मिठाई वाटून झाली, आणि दोनचार महिन्यांनी परदेशातून नोकरीचे पत्र आले, की आपल्या बेटावरच्या घरांत कशी धांदल उडते हे आम्ही वाचकांना सांगायला नको. पत्र कॅनडातून असेल, फ्रान्समधून असेल, दुबईहून असेल, नाहीतर समुद्रावर फिरणाऱ्या एखाद्या मोठ्या प्रवासी बोटीवरचे असेल. आईला वाटते, इतक्या लांब कशाला? वडील पगाराचा आकडा आपल्या रुपयांत करून पाहतात. मामा सांगतात, अशी संधी पुन्हा यायची नाही. आणि ज्याच्या नावाचे पत्र, तो मुलगा किंवा ती मुलगी सर्वांच्या तोंडाकडे पाहत बसते. आम्ही पडलो शिक्षक. त्यामुळे असली पत्रे घेऊन आमच्याकडेही कोणी ना कोणी येतेच. सल्ला देण्याचा आमचा अधिकार किती, हा प्रश्न निराळा. पण अशा वेळी आम्हांला हटकून एका माणसाची आठवण होते, आणि आज त्याचीच हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

हा माणूस म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. मोका येथील ज्या संस्थेत आपली मुले मराठी शिकतात, तिला ज्यांचे नाव आहे तेच हे. परंतु महात्मा म्हणून जग त्यांना ओळखू लागले ते फार पुढे. आम्ही सांगतो आहोत ती गोष्ट १८९३ सालची, एका तेवीस वर्षांच्या बॅरिस्टराची. त्याच्याजवळ विलायतेचे प्रमाणपत्र होते, घरी बायको व दोन मुले होती, शिरावर थोरल्या भावाच्या उपकारांचे ओझे होते, आणि मनाजोगते काम मात्र नव्हते. म्हणून या लेखात आम्ही त्याला मोहनदासच म्हणणार आहोत, आणि घरातल्या तरुण मुलाविषयी बोलावे तसे एकेरीतच बोलणार आहोत. वाचकांनी राग मानू नये.

मोहनदासचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडातील पोरबंदर येथे झाला. वडील करमचंद हे पोरबंदरचे व पुढे राजकोटचे दिवाण. ते १८८५ साली वारले. १८८७ मध्ये मोहनदास मॅट्रिक झाला, भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेला, आणि पहिल्याच सत्रानंतर घरी परतला. शिकवलेले त्याला काही समजेना. तेव्हा मावजी दवे नावाच्या घराण्याच्या एका जुन्या स्नेह्याने मसलत दिली की, हिंदुस्थानात बी.ए. होण्यात वर्षे घालवण्यापेक्षा मुलाला विलायतेला पाठवून बॅरिस्टर करावे, म्हणजे वडिलांची दिवाणगिरी पुढे त्याच्याकडे येईल. थोरला भाऊ लक्ष्मीदास याने पैशाची तजवीज केली. मुंबईत मोढ वाणी ज्ञातीच्या पंचांनी समुद्रपर्यटनाबद्दल मोहनदासला वाळीत टाकले. तरीही ४ सप्टेंबर १८८८ रोजी तो बोटीवर चढलाच. मागे अठराएकोणीस वर्षांची पत्नी कस्तुरबाई आणि काही महिन्यांचा हरिलाल.

तीन वर्षांनी, १० जून १८९१ रोजी, तो बॅरिस्टर झाला. ११ तारखेला हायकोर्टात नाव नोंदवले आणि १२ तारखेला घरी निघाला. एवढी घाई! पण मनात धाकधूक होती, कारण कायद्याची तत्त्वे पाठ झाली तरी साधा दावा कसा लिहावा, साक्षीदाराला काय विचारावे, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. आम्हां शिक्षकांना ही गोष्ट ऐकून नवल वाटत नाही. मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यावर कळले की आई पुतळीबाई वारली आहे. परमुलखात पोराला धक्का बसू नये म्हणून भावाने ती बातमी कळवलीच नव्हती. ज्ञातीत परत घेण्यासाठी भावाने त्याला नाशिकला नेले, गोदावरीत स्नान घातले, आणि राजकोटला जेवणावळ घातली. अशा रीतीने विलायतेचे शिक्षण पुरे झाले आणि कमाईचे दिवस आले.

कमाई काही झाली नाही. मुंबईत गिरगावात त्याने बिऱ्हाड थाटले. स्वयंपाकाला रविशंकर नावाचा एक ब्राह्मण ठेवला. त्याला स्वयंपाक येत नव्हता, तेव्हा मालकानेच त्याला शिकवले. हायकोर्टात जायला गाडीभाडे नको म्हणून पाऊण तास चालत जायचे, तेथे बसून इतरांचे खटले ऐकायचे, आणि डुलक्या घ्यायच्या. पहिले काम मिळाले ते स्मॉल कॉजेस कोर्टात, ममीबाई नावाच्या बाईचे, ३० रुपयांच्या फीवर. काम मिळवून देणाऱ्या दलालाला पैसे चारायला मोहनदासने नकार दिला. पण साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभा राहिला तेव्हा पाय लटपटू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तोंडातून एक प्रश्न निघेना. खाली बसून त्याने अशिलाला सांगितले की दुसरा वकील पाहावा. दुसऱ्या वकिलाने ५१ रुपये घेतले आणि हे काम त्याच्या हातचा मळ होते.

यानंतरची गोष्ट आमच्या विशेष आवडीची आहे. वर्तमानपत्रात एका नामांकित हायस्कुलाची जाहिरात आली: रोज एक तास इंग्रजी शिकवण्यासाठी शिक्षक पाहिजे, पगार ७५ रुपये. मोहनदासने अर्ज केला. भेटीला बोलावणे आले, आणि हा पदवीधर नाही म्हणून मुख्याध्यापकांनी खेदपूर्वक नकार दिला. लंडनची मॅट्रिक्युलेशन परीक्षा लॅटिन घेऊन उतरलेला, तीन वर्षे विलायतेत राहिलेला बॅरिस्टर, पण बी.ए. नाही! त्या मुख्याध्यापकांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. नियम तो नियम. पण ही ७५ रुपयांची जागा मिळाली असती तर मोहनदास मुंबईतच राहिला असता काय, याचा विचार आमच्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.

सहा महिन्यांनी मुंबईचे बिऱ्हाड मोडले आणि तो राजकोटला भावाकडे आला. तेथे अर्ज व तक्रारअर्ज लिहून महिन्याला सरासरी ३०० रुपये मिळू लागले. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे. मात्र ही मिळकत त्याच्या अंगच्या हुशारीची नव्हती. भावाच्या वकील भागीदाराचा धंदा चांगला चालत होता, त्यातली थोडी फार कामे याच्याकडे येत. आणि दलाली न देण्याचा जो बाणा मुंबईत राखला होता, तो येथे भावाच्या आग्रहाने सोडावा लागला. पोट भरत होते, पण घास गोड लागत नव्हता.

त्यातच एक प्रसंग घडला. लक्ष्मीदास पूर्वी पोरबंदरच्या राणांचा सल्लागार होता, आणि त्याने भलता सल्ला दिल्याचे किटाळ त्याच्यावर आले होते. प्रकरण ओलिव्हंट नावाच्या गोऱ्या पोलिटिकल एजंटाकडे गेले. मोहनदासची या साहेबाशी विलायतेत थोडी ओळख झाली होती. भावाने गळ घातली की त्या ओळखीचा उपयोग कर. मनाला पटत नसताना तो गेला. साहेबाला हे आवडले नाही. त्याने बोलणे आवरते घ्यायला सांगितले, हा बोलतच राहिला, तेव्हा शिपायाकडून त्याला धरून खोलीबाहेर काढले. मोहनदास संतापला, फिर्याद करतो म्हणाला. योगायोगाने सर फिरोजशहा मेहता एका खटल्यासाठी राजकोटला आले होते. त्यांच्याकडून निरोप मिळाला की असे अपमान वकिलांच्या नित्याचे आहेत, गिळून टाकावा आणि धंदा करावा. तो गिळला. परंतु बहुतेक कामे चालायची त्याच साहेबाच्या कचेरीत! एक त्याची मनधरणी करावी, नाहीतर संस्थानांतल्या कारस्थानांत शिरून एखादी चाकरी पटकवावी. दोन्ही नको वाटत होते.

अशा वेळी पोरबंदरच्या एका मेमण पेढीचे पत्र लक्ष्मीदासकडे आले. दादा अब्दुल्ला आणि कंपनी ही ती पेढी, दक्षिण आफ्रिकेत नाताळ येथे तिचा मोठा व्यापार. तेथे तिचा ४०,००० पौंडांचा दावा बरेच दिवस चालू होता. नामांकित गोरे वकील दिलेले होते. पण पेढीच्या वह्या गुजरातीत, पत्रव्यवहार गुजरातीत, आणि वकिलांना येत होती फक्त इंग्रजी. दोन्ही भाषा जाणणारा व कायद्याची ओळख असलेला घरचा माणूस पाहिजे होता. पेढीचे भागीदार शेठ अब्दुल करीम झवेरी यांच्याशी मोहनदासची गाठ घालून देण्यात आली. शेठजींनी सांगितले की काम अवघड नाही, बड्याबड्या गोऱ्यांच्या ओळखी होतील, दुकानातल्या इंग्रजी पत्रव्यवहारालाही हातभार लागेल, राहणेजेवणे पेढीचे. मोहनदासने दोनच गोष्टी विचारल्या: मुदत किती आणि मोबदला किती? मुदत एक वर्षाच्या आत. मोबदला जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे आणि सगळे मिळून १०५ पौंड.

आता आपण हिशेब करू. त्या वेळच्या भावाने १०५ पौंड म्हणजे सुमारे १,७०० रुपये. राजकोटला महिना ३०० धरले तर वर्षाचे झाले ३,६००. म्हणजे परदेशची ही नोकरी घरच्या मिळकतीच्या निम्म्याहूनही कमी! खाण्यापिण्याचा खर्च नाही, म्हणून रक्कम जशीच्या तशी भावाला धाडता आली असती, एवढीच काय ती जमेची बाजू. आणि हुद्दा? हे बॅरिस्टराचे बोलावणे नव्हते, पेढीच्या नोकराचे होते. त्याला ते पक्के कळले होते, आणि तसे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहूनही ठेवले आहे. कोणी त्याला फसवले नाही, आणि त्याने स्वतःचीही फसवणूक करून घेतली नाही. तरी घासाघीस न करता त्याने होकार दिला, कारण राजकोट कसेही करून सोडायचे होते, नवा मुलूख पाहायची हौस होती, आणि भावाच्या घरखर्चाला थोडा हातभार लागणार होता.

आमच्याकडे पत्र घेऊन येणाऱ्या मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण घर सोडावेसे वाटणे हे काही लाजिरवाणे कारण नव्हे. माणसे आपल्या जाण्याला मोठमोठी कारणे चिकटवतात. या तरुणाने तसे केले नाही. तो देशसेवेला निघाला नव्हता, सत्याग्रह हा शब्दही तेव्हा जन्माला आला नव्हता. एका साहेबाच्या कचेरीपासून लांब जायला मिळते आहे, यातच त्याला समाधान होते.

तरी दोन बाबतीत आम्ही त्याला पुरते गुण देणार नाही. पहिली ही की, त्या मुलखात हिंदी माणसाला कसे वागवतात हा प्रश्न त्याने विचारला नाही. झवेरीशेठांना ते माहीत नसेल असे संभवत नाही. बिचारे व्यापारी अपमान सोसून पैसा मिळवायला सरावले होते, सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटलेही नसेल. पण परमुलखात जाणाऱ्याने पगाराच्या आधी हे विचारायला हवे. दुसरी बाब कस्तुरबाईंची. धाकटा मणिलाल १८९२ च्या ऑक्टोबरात जन्मला होता, म्हणजे सहा महिन्यांचेही मूल नव्हते ते. पत्र भावाला आले, बोलणी शेठजींशी झाली, निर्णय दोघा भावांनी केला. बायकोला मिळाला तो दिलासा, की वर्षभरात पुन्हा भेट होईल. आज आपल्या घरांत सुनेला किंवा मुलीला असे कोणी वगळू पाहील तर ती वगळू देणार नाही, आणि हे योग्यच आहे.

एप्रिल १८९३ मध्ये मोहनदास मुंबईस आला तर पहिल्या वर्गात जागाच नव्हती. मोझांबिकचा गव्हर्नर जनरल त्याच बोटीने चालला होता, सगळ्या खोल्या त्याच्या लवाजम्याने अडवलेल्या. पेढीच्या माणसाने डेकवरून जायला सुचवले. करार पहिल्या वर्गाचा होता. मोहनदास स्वतः बोटीवर गेला, मुख्य अधिकाऱ्याला भेटला, आणि त्या भल्या माणसाने आपल्याच खोलीतली जादा जागा त्याला दिली. तेरा दिवसांनी लामू, मग मोंबासा, मग झांजिबार. तेथे बोट बदलायला आठदहा दिवस मुक्काम पडला. पुढे मोझांबिक, आणि मे महिन्याच्या अखेरीस नाताळचे बंदर डरबन. वाटेत कप्तानाने त्याला बुद्धिबळ शिकवले. ज्या हिंदी महासागरातून आपले आजेपणजे रत्नागिरीकडून बोटीच्या तळाशी दाटीवाटीने आले, त्याच्याच आफ्रिकेकडच्या काठाकाठाने हा प्रवास झाला, फरक भाड्याच्या वर्गाचा.

धन्याला चाकर पाहून आनंद झाला नाही. अब्दुल्लाशेठ फार शिकलेले नव्हते, पण व्यवहारात पक्के. साहेबी थाटाचा पोशाख पाहून त्यांना वाटले, भागीदाराने दारात पांढरा हत्ती बांधला! याला ठेवायचा कोठे, द्यायचे काय काम? दावा तर ट्रान्सवालात, प्रिटोरियाला. प्रतिवादीही तेथलेच. हा पोरगा त्यांच्या कह्यात गेला तर? इकडे मोहनदासने दाव्याचे कागद उघडले, तर त्यात जमा आणि नावे यांखेरीज काही दिसेना. पी. नोट, पी. नोट असे जागोजागी लिहिलेले. ही काय भानगड आहे ते त्याला ठाऊक नव्हते. शब्दकोशातही सापडले नाही. शेवटी एका कारकुनाने सांगितले की ही प्रॉमिसरी नोट. हिशेबनीस होण्याच्या वर्गातली आमची पोरे हे ऐकून हसतात. पण मोहनदास हसण्यावारी नेणारा नव्हता. त्याने जमाखर्चाचे पुस्तक विकत आणले आणि पहिल्या पानापासून अभ्यास सुरू केला. कॉलेजात जे जमले नाही, आणि विलायतेत जे कोणी शिकवले नाही, ते या १०५ पौंडांच्या नोकरीत तो शिकला.

डरबनच्या कोर्टात पगडी उतरवायला सांगितले तेव्हा तो उठून बाहेर गेला, आणि मग प्रिटोरियाकडे निघाला असता ७ जून १८९३ च्या रात्री पीटरमारित्झबर्ग स्टेशनावर पहिल्या वर्गाच्या डब्यातून त्याला ढकलून काढले, ही कथा शाळकरी मुलांनाही पाठ आहे. ती आम्ही पुन्हा रंगवून सांगत नाही. आमचे लक्ष वेधते ते त्या थंडगार प्रतीक्षालयातल्या विचाराकडे. ओव्हरकोट सामानात राहिला होता, आणि सामान स्टेशनमास्तरकडे. पुन्हा अपमान होईल म्हणून तो मागायलाही गेला नाही. रात्रभर कुडकुडत त्याने तीन वाटा तोलून पाहिल्या. येथेच हक्कासाठी भांडावे, की पहिल्या बोटीने घरी परतावे, की अपमान गिळून प्रिटोरियाला जावे आणि काम संपवून परतावे? घेतलेले काम टाकून पळणे भ्याडपणाचे होईल, असे त्याने ठरवले. म्हणजे आपण ज्या रात्रीला त्याच्या आयुष्याचे वळण म्हणतो, त्या रात्रीही पेढीशी केलेला करार त्याच्या मनात जागा होता. सकाळी त्याने रेल्वेच्या बड्या साहेबाला लांबलचक तार केली, आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे गेला. पुढच्या टप्प्यात घोड्यांच्या डाकगाडीवर मारही खाल्ला.

प्रिटोरियात पेढीचे वकील बेकर यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकले की बॅरिस्टर म्हणून त्याच्यासाठी तेथे काही काम नाही, अशिलाकडून माहिती काढून देणे एवढाच उपयोग. एखाद्याचे तोंड उतरले असते. मोहनदासने मात्र तेच काम मन लावून केले. गुजराती पत्रांचे भाषांतर केले, वह्या तपासल्या, दोन्ही बाजूंचा कागद न् कागद वाचला. वर्षभरात त्या दाव्याची जेवढी माहिती त्याला झाली, तेवढी ना वादीला होती ना प्रतिवादीला. आणि माहिती झाली तसे त्याच्या लक्षात आले की आपल्या अशिलाची बाजू भक्कम आहे, पण खटला असाच चालला तर वकिलांच्या फीखाली दोघेही भरडून निघतील. प्रतिवादी तय्यबशेठ हे अब्दुल्लाशेठांचे नातेवाईक आणि गावकरीच. त्याने दोघांचीही विनवणी केली, आणि दावा लवादाकडे गेला.

निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला: ३७,००० पौंड आणि खर्च. एवढी रक्कम एकदम द्यायची तर तय्यबशेठांचे दिवाळे वाजले असते, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पोरबंदरी मेमणांत दिवाळ्यापेक्षा मरण बरे अशी रीत. तेव्हा मोहनदासने दुसरी खटपट आरंभली, जिंकलेल्या धन्याला हप्ते मान्य करायला लावण्याची. ती पहिलीपेक्षा कठीण होती, असे त्यानेच लिहिले आहे. हप्ते बऱ्याच वर्षांचे ठरले. दोघांचीही पत राहिली. आमच्या मते त्याच्या आयुष्यातली पहिली मोठी मिळकत ती हीच. ३० रुपयांच्या खटल्यात ज्याची वाचा बसली होती, त्याने ४०,००० पौंडांचा तंटा कोर्टाची पायरी फारशी न चढता मिटवला.

करार संपला. १८९४ साली तो डरबनला परतला व घरी निघण्याची तयारी करू लागला. अब्दुल्लाशेठांनी निरोपाचा समारंभ ठेवला. तेथे वर्तमानपत्र चाळताना त्याच्या नजरेस आले की नाताळच्या विधिमंडळात हिंदी लोकांचा मतदानाचा हक्क काढून घेणारे विधेयक येत आहे. जमलेल्या व्यापाऱ्यांनी त्याला महिनाभर थांबायला सांगितले. महिन्याची वर्षे झाली. इंग्लंडच्या वसाहतमंत्र्यांकडे धाडलेल्या अर्जावर पंधरवड्यात १०,००० सह्या गोळा झाल्या, आणि ऑगस्ट १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. येथेही पोटाचा विचार त्याने अगदी स्वच्छ केला. सार्वजनिक कामाचा पैसा घ्यायचा नाही, पण राहायचे तर वर्षाला ३०० पौंड लागतील. तेव्हा सुमारे वीस व्यापाऱ्यांनी वर्षाची वकिली आगाऊ देऊन त्याला आपला वकील नेमले, आणि निरोपाला द्यायची थैली अब्दुल्लाशेठांनी त्याच्या घराच्या सामानात खर्च केली.

वकिली सुरू होऊन तीनचार महिने झाले असतील. फाटक्या कपड्यांचा, पुढचे दात पडलेला, तोंडातून रक्त वाहणारा एक तमिळ मजूर फेटा हातात धरून त्याच्या कचेरीत आला. नाव बालसुंदरम. डरबनच्या एका गोऱ्या मालकाकडे गिरमिटावर होता, आणि मालकाने मारले होते. गोऱ्यापुढे जाताना डोक्यावरचे उतरवायचे, अशी त्याला सवय लागलेली. मोहनदासने आधी त्याला फेटा बांधायला सांगितले. डॉक्टराचा दाखला घेतला, मॅजिस्ट्रेटपुढे नेले, आणि त्याचे गिरमिट दुसऱ्या मालकाकडे बदलून दिले. तोवर काँग्रेसमध्ये होते ते व्यापारी आणि कारकून. यानंतर मळ्यांवरचे मजूर त्याच्या दाराशी येऊ लागले. आपल्या बेटावरच्या मराठी घरांना गिरमिट या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको.

कस्तुरबाईंना सांगितलेले एक वर्ष तीन वर्षांचे झाले. १८९६ च्या मध्यास तो त्यांना आणायला हिंदुस्थानात गेला. परतताना अब्दुल्लाशेठांनी नुकतीच विकत घेतलेली कुरलँड ही बोट होती. त्यांनी आग्रहाने सगळ्या कुटुंबाला फुकट नेले. साहेबी मुलखात शोभावे म्हणून मोहनदासने बायकोला पारशी पद्धतीची साडी आणि मुलांना बूटमोजे घालायला लावले. बोटीवर मोज्यांना घामाचा वास येई, बोटे सोलवटत, आणि मंडळी कुरकुरत. डरबनला बोट तीन आठवड्यांहून अधिक रोखून धरली गेली, आणि १३ जानेवारी १८९७ रोजी तो उतरताच गोऱ्या जमावाने त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवले. पोलीस अधीक्षकाच्या पत्नीने छत्री आडवी धरली म्हणून जीव वाचला. कस्तुरबाई त्या दिवशी परक्या गावात दोन मुलांना घेऊन पतीची वाट पाहत बसल्या होत्या. पहिल्या पत्राचा हिशेब मांडताना हा आकडाही मांडला पाहिजे.

१९०१ च्या ऑक्टोबरात, आता काम झाले असे समजून, तो सहकुटुंब नाताळहून निघाला. निरोपाला मिळालेले सोन्याचे दागिने त्याने समाजाच्या कामासाठी ठेवून दिले. कस्तुरबाईंना ते मुळीच पसंत नव्हते, आणि त्यांनी तसे ठणकावून सांगितले. त्यांची बोट नौशेरा ३० ऑक्टोबर रोजी आपल्या पोर्ट लुईला लागली, आणि मुक्काम जवळजवळ तीन आठवडे लांबला. गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांच्याकडे एक रात्र पाहुणचार झाला, मुसलमान व्यापाऱ्यांनी ताहेर बागेत सत्कार केला. मळ्यांवरच्या आपल्या माणसांची स्थिती पाहून त्याने सांगितले की मुलांना शिकवा आणि राज्यकारभारात लक्ष घाला.

पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून बोलावण्याची तार गेली आणि तो परत गेला. वर्षभरासाठी घेतलेली ती नोकरी १८९४ ऐवजी जुलै १९१४ मध्ये संपली म्हणायची. मॉरिशस मात्र तो विसरला नव्हता. १९०६ साली लंडनला त्याची गाठ मणिलाल डॉक्टर नावाच्या बडोद्याच्या एका तरुण बॅरिस्टराशी पडली. तोही नुकताच शिकून तयार झालेला, पुढे कोठे जावे या विचारात. त्याला मोहनदासने आपल्या बेटाचे नाव सुचवले. ११ ऑक्टोबर १९०७ रोजी मणिलाल डॉक्टर पोर्ट लुईला उतरले, आणि १९११ पर्यंत मळ्यांवरच्या माणसांचे खटले घेऊन येथल्या कोर्टांत उभे राहत होते.